खड्ग कोणाचे?

कोणत्याही वस्तूची ओळख पटविणे ही क्रिया वरवर पाहता जितकी सरळ भासते तितकी ती सरळ नसते, हे आपल्या नैयायिकांनी फार पूर्वीच जाणले होते. आणि म्हणूनच लक्षण करू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव या तीन दोषांचा धाक घालून ठेवला. ज्या खुणेने वस्तू ओळखू म्हणावे ती खूण त्या जातीच्या काही व्यक्तींत आढळत नसेल तर लक्षण अपुरे, जातीबाहेरही आढळत असेल तर ते पसरट, आणि त्या जातीत कोठेच आढळत नसेल तर व्यर्थ. ही कसोटी गाय, घट आणि पट यांना शतकानुशतके लावली गेली आहे. तीच एका परक्या, किंचित विक्षिप्त वाटणाऱ्या पदार्थाला लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण त्या पदार्थाची ओळख पटविता पटविता जो प्रश्न उभा राहतो तो शस्त्रागारापुरता राहत नाही, धर्मविचाराच्या अंगणात येऊन उभा ठाकतो. हा पदार्थ म्हणजे अमेरिकेतील बंधुसंघांची समारंभी तलवार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा संघांचे मोठे पेव फुटले. 1865 साली तेथील यादवी युद्ध संपले, लक्षावधी पुरुष कवायतीची सवय अंगात मुरवून घरी परतले, आणि दुकानात, कचेरीत वा गिरणीत दिवस घालविणाऱ्या त्या माणसांना निदान एखाद्या संध्याकाळी तरी समान पोशाखात, समान पदन्यासाने, एका शपथेखाली उभे राहण्याची ओढ लागली. या ओढीला व्यवहाराचीही जोड होती. सरकारकडून विमा नाही, वार्धक्यासाठी वेतन नाही, अशा काळात आजाऱ्याला भत्ता, मृताला सन्मानाचे दफन आणि त्याच्या विधवेला ठरीव रक्कम देणारा संघ हा मध्यमवर्गीय गृहस्थाचा भक्कम आधार होता. ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात 1897 साली हार्वुड नामक लेखकाने मांडलेल्या हिशोबाप्रमाणे सुमारे 1 कोटी 90 लक्ष प्रौढ पुरुषांच्या त्या देशात या संघांची एकूण सभासदसंख्या 54 लक्षांच्या घरात होती. एकच गृहस्थ दोन-तीन संघांच्या पटावर असे ही गोष्ट जमेस धरली तरीही तो आकडा लहान ठरत नाही. यांपैकी अनेक संघांनी आपल्या सभासदांना ‘नाइट’ म्हणजे सरदार ही पदवी दिली होती. आणि सरदार म्हटला की त्याच्या कमरेला तलवार ही आलीच.

मागणी आली तसे कारखाने आले. मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी येथील एम्स कंपनीने यादवी युद्धात सरकारी सैन्याला तलवारी पुरविल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्याच कंपनीच्या भट्ट्या या समारंभी पात्यांसाठी पेटत राहिल्या. ओहायोमधील कोलंबस शहरी एम. सी. लिली, मिशिगनमधील कलामाझू येथे हेंडरसन-एम्स, सिनसिनाटीत पेटिबोन, फिलाडेल्फियात हॉर्स्टमन अशी नावे या धंद्यात प्रसिद्धीस आली. लोहाराने एखाद्या वीरासाठी तलवार घडवावी ही जुनी रीत. येथे छापील सूचिपत्रावरून, ठरीव किमतीत, डझनांच्या हिशोबाने ती मागविली जाई. म्हणजे ज्या वस्तूने मध्ययुगीन सरदारकीचा भास निर्माण करावयाचा ती वस्तू यंत्रयुगाचे अस्सल अपत्य होती. मात्र ओळख पटविणाऱ्याला यामुळेच पहिला दाखला मिळतो: मुठीलगत पात्यावर कारखान्याचे नाव आणि गाव कोरलेले असे, आणि या कंपन्यांची नावे भागीदारांबरोबर बदलत गेल्याने नावाच्या रूपावरून तलवारीचा काळ बऱ्याच अंशी ठरविता येतो. ‘एम्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ असे नाव असेल तर काळ अलीकडचा नाही, ‘एम्स सोर्ड कंपनी’ असेल तर त्यानंतरचा, ‘लिली-एम्स’ असेल तर दोन कारखाने एक झाल्यानंतरचा, असा हा शिरस्ता आहे.

दुसरा दाखला चिन्हांचा. मुठीच्या माथ्यावर शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचे मस्तक, त्या मस्तकापासून मुठीपुढील आडव्या दांडीपर्यंत लोंबणारी बारीक साखळी, आणि दांडीवर, म्यानावर वा पात्यावर मुकुटातून तिरपा गेलेला क्रूस एवढे दिसले की ती तलवार फ्रीमेसन अथवा मेसन या पंथाच्या ‘नाइट्स टेम्पलर’ शाखेची आहे असे समजावे. पांढरी मूठ पुष्कळ ठिकाणी अधिकाऱ्याची आणि काळी साध्या सभासदाची. ढालीवर वा त्रिकोणात एफ, सी आणि बी ही तीन रोमन अक्षरे असतील तर ती ‘नाइट्स ऑफ पिथियस’ या संघाची. मैत्री, दान आणि परोपकार या त्यांच्या तीन तत्त्वांची ती आद्याक्षरे होत. परस्परांत गुंतलेल्या तीन कड्या दिसल्या तर संघ ‘ऑड फेलोज’ हा, ज्याची अमेरिकेतील शाखा थॉमस वाइल्डी याने 1819 साली बाल्टिमोर येथे स्थापिली. आणि त्या कड्यांच्या जोडीला मुकुटात मेंढपाळाची आकडी व तलवार एकमेकींना छेदून गेलेली असतील तर ती 1885 नंतरच्या ‘पेट्रिआर्क्स मिलिटंट’ या गणवेषधारी शाखेची. जहाजाचा नांगर, खड्ग आणि दंडांची मोळी असे चिन्ह असेल तर ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ हा कॅथॉलिकांचा संघ. तिसरा दाखला सर्वांत हृद्य आहे: पात्याच्या मध्यभागी, वेलबुट्टीच्या चौकटीत, आम्लाने कोरलेले मालकाचे नाव. एरवी इतिहासाच्या कोणत्याही दप्तरात ज्याची नोंद झाली नसती असा एखादा धान्यव्यापारी किंवा रेल्वेचा कारकून त्या पोलादावर आपले नाव सोडून गेला आहे.

लक्षणांची ही यादी येथवर निर्दोष वाटते. संग्राहकाचे काम तिने भागते. परंतु या तलवारीविषयी एक गोष्ट अशी आहे की जिच्यापाशी विचारी मनुष्य थबकल्यावाचून राहत नाही. तिला धार नसते. सुमारे अडीच फुटांचे, झिलई दिलेले, नक्षीने भरलेले हे पाते कशाचाही छेद करण्यासाठी घडविलेले नाही. छेदन हेच खड्गाचे स्वरूप मानले तर या पदार्थाला खड्ग म्हणणेच प्रमाद ठरेल. तथापि जे धर्मविधीत वावरतात त्यांना या आक्षेपाचे भय वाटत नाही. विधीत येणारी वस्तू आपले लौकिक कार्य दाराबाहेर ठेवून येते. तिने आत जे करावयाचे ते संकल्पाच्या बळावर करावयाचे असते. फ्रीमेसनांच्या सभागृहाच्या दाराबाहेर नागवी तलवार घेऊन द्वारपाल उभा असतो, आणि काही ठिकाणी त्याचे पाते ज्वालेसारखे नागमोडी असते. त्यामागे बायबलातील उत्पत्तिग्रंथाची ती कथा आहे, जीत एदेन बागेतून मानवाला घालवून दिल्यावर जीवनवृक्षाकडे जाणाऱ्या वाटेवर ज्वालामय खड्ग ठेवले गेले. या खड्गाने कोणाला मारल्याचे त्या कथेत सांगितलेले नाही. त्याचे सारे काम रोखण्याचे.

पिथियसच्या संघाची कथा याहून बोलकी आहे. सिरॅक्यूजचा जुलमी राजा डायोनिशियस याने पिथियसला देहान्ताची शिक्षा दिली. घरची निरवानिरव करून येण्यासाठी त्याने मुदत मागितली तेव्हा त्याचा मित्र डेमन त्याच्या जागी ओलीस राहिला. पिथियस वेळेवर परतला, आणि एकमेकांसाठी मरावयास निघालेले ते दोघे मित्र पाहून राजाने दोघांनाही सोडून दिले. जस्टस रॅथबोन नामक एका सरकारी नोकराला जॉन बॅनिम या आयरिश लेखकाच्या नाटकातून ही कथा भावली, आणि 19 फेब्रुवारी 1864 रोजी वॉशिंग्टन येथे, देशातील भाऊ भावाचा गळा कापीत असता, त्याने या मैत्रीच्या नावाने संघ उभारला. कथेचे मर्म असे की उगारलेले शस्त्र तेथे पडत नाही. बोथट पाते हेच अशा संघाला अनुरूप शस्त्र होय. ते हाती धरणारा मनुष्य आपले बळ विसरत नाही, पण ते न वापरण्याची प्रतिज्ञा जाहीरपणे मिरवितो. ज्या धर्माच्या संस्थापकाने अटकेच्या प्रसंगी आपल्या शिष्याला तलवार म्यान करण्याची आज्ञा दिली त्या धर्माच्या अनुयायांनी तलवार बाळगावी का, या जुन्या पेचावर एकोणिसाव्या शतकातील या गृहस्थांनी नकळत शोधलेला हा तोडगा होता: तलवार बाळगावी, पण धार काढून.

या उदात्त अर्थाला मात्र इतिहासाने कडक जाब विचारला आहे, आणि तो विचारताना त्याने लक्षणांचा सगळा डोलारा हलवून सोडला आहे. पिथियसच्या संघात केवळ गोऱ्या पुरुषांनाच प्रवेश होता. कृष्णवर्णीयांना दार बंद झाले तेव्हा त्यांनी 1880 साली मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथे आपले स्वतंत्र पिथियस मंडळ स्थापिले. तेच नाव, तीच कथा, तीच तीन अक्षरे, तोच गणवेष आणि तशीच तलवार. पंचवीस-तीस वर्षे उभय संघ आपापल्या वाटेने चालले. पुढे जॉर्जिया संस्थानात गोऱ्यांच्या संघाने दावा लावला की, या नावाची व चिन्हांची मालकी आमची असून कृष्णवर्णीयांना त्यांचा उपयोग करण्यास मनाई व्हावी. जॉर्जियाच्या न्यायालयांनी तो दावा मान्य केला. परंतु 1912 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवून निकाल कृष्णवर्णीयांच्या बाजूने दिला. निकालात बंधुत्वाची मीमांसा केलेली नाही; वादींनी वर्षानुवर्षे ही वहिवाट डोळ्यांदेखत चालू दिली, तेव्हा इतक्या काळाने त्यांना तक्रार करता येत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. 1929 साली मेसन पंथाशी निगडित अशा दुसऱ्या एका संघाच्या बाबतीतही तेच न्यायालय जवळजवळ त्याच वाटेने गेले.

न्यायालयाने जे बोलावयाचे टाळले ते विचारवंताला टाळता येत नाही. वादींची कैफियत न्यायशास्त्राच्या भाषेत मांडली तर ती अतिव्याप्तीची तक्रार होती: आमचे लक्षण आमच्या जातीबाहेर आढळू लागले आहे, सबब ते तेथून काढून घ्यावे. पण हे लक्षण त्यांचे तरी कसे झाले होते? डेमन आणि पिथियस हे ग्रीक. त्यांची कथा रोमन सिसेरोने सांगितली, आयरिश नाटककाराने रंगविली आणि अमेरिकन नोकराने उचलली. यांपैकी कोणी कोणाकडून सनद घेतली नव्हती. टेम्पलरांची गोष्ट याहून निराळी नाही. मूळ टेम्पलर संघ सुमारे 1119 साली यरुशलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी निघाला. 1312 साली पाचव्या क्लेमेंट पोपने तो विसर्जित केला, आणि 1314 साली त्याचा अखेरचा प्रमुख जॅक द मोले पॅरिसमध्ये जिवंत जाळला गेला. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, 1769 साली, बोस्टनच्या मेसनांनी ‘टेम्पलर’ ही पदवी दिल्याची नोंद मिळते. मधल्या काळात दीक्षेची अखंड साखळी होती असे दाखविणारा पुरावा नाही. आपल्याकडील संप्रदायांच्या भाषेत बोलावयाचे तर गुरुशिष्यांची मालिका तुटून गेल्यानंतर गादीचे नाव पुन्हा उचलले गेले. कॅथॉलिक चर्चचे उदाहरण तर अधिकच मौजेचे आहे. 1738 साली बाराव्या क्लेमेंट पोपने मेसनांच्या गुप्त शपथा निषिद्ध ठरविल्या; आणि तरीही फादर मायकेल मॅकगिव्हनी याने 1882 साली न्यू हेवन येथे विधवा व अनाथांच्या साहाय्यासाठी काढलेल्या ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ संघाच्या, 1900 साली सुरू झालेल्या चौथ्या पदवीत, प्रतिपक्षाच्या मिरवणुकीत शोभावी अशीच तलवार येऊन बसली.

तेव्हा चिन्हांच्या जगात मूळ मालक असा कोणीच सापडत नाही; जो तो संकल्पाच्या बळावर घेणारा. असे असता, आम्ही संकल्पाने घेतले ते वैध आणि तुम्ही त्याच संकल्पाने घेतले तर ती चोरी, असे म्हणणाऱ्याची तलवार धारेवाचून असली तरी तिने छेद केलाच म्हणावयाचा. प्रिन्स हॉल याचे चरित्र या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. 1775 साली बोस्टनमध्ये ब्रिटिश फौजेतील एका पलटणीशी संलग्न अशा, आयरिश सनदेच्या मंडळाने त्याला आणि आणखी चौदा कृष्णवर्णीयांना मेसन पंथाची दीक्षा दिली. 1784 साली लंडनहून त्यांच्या मंडळाची रीतसर सनद निघाली. म्हणजे परंपरेची अखंडता आणि कागदाची शुद्धता ही दोन्ही प्रमाणे त्यांच्यापाशी होती, जी टेम्पलर म्हणविणाऱ्या गोऱ्या मेसनांपाशी त्या पदवीपुरती नव्हती. तरीही अमेरिकेतील गोऱ्या मेसनांच्या मुख्य मंडळांपैकी कनेटिकटच्या मंडळाने प्रिन्स हॉलच्या परंपरेला टिकाऊ मान्यता दिली ती 1989 साली. पुरावा नव्हता तेथे संकल्प पुरेसा मानला गेला. पुरावा होता तेथे तो दोनशे वर्षे रुजू करून घेतला गेला नाही.

हा वाद अटलांटिकपलीकडेच राहिला असे मात्र नाही. मुंबई इलाख्यात तो पिथियसच्या खटल्याच्या कितीतरी आधीच उभा राहिला होता. मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी कर्सेटजी यांना शहरातील युरोपीयांच्या मेसन मंडळात प्रवेश मिळाला नाही. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. त्यानंतर, 1843 सालच्या डिसेंबरात, ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे एतद्देशीयांना खुले असलेले मंडळ मुंबईत निघाले. त्यामागचा मुख्य पुरुष होता डॉक्टर जेम्स बर्न्स. काबुलात मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा हा वडील भाऊ, कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत असलेला स्कॉट, आणि विशेष म्हणजे टेम्पलर सरदारांचा इतिहास लिहिणारा ग्रंथकार. ज्याने त्या प्राचीन खड्गधाऱ्यांची बखर लिहिली त्यानेच दारावरील खड्ग बाजूला सारले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. हिंदूंच्या बाबतीत तर धार्मिक आक्षेप निघाला: मेसन होण्यास एका परमेश्वरावर श्रद्धा हवी, आणि अनेक देवदेवतांना भजणाऱ्याची शपथ कोणत्या देवाला साक्षी ठेवून घ्यावयाची? कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडून 1872 साली प्रवेश मिळविला. पुढे हिंदुस्थानातील मंडळांत बायबलाच्या शेजारी गीता, कुराण आणि अवेस्ता ठेवले जाऊ लागले आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावी असा जाबता पडला. एकच तलवार दाराशी, आणि आत साक्षीला चार ग्रंथ: एका व्रताला अनेक श्रद्धा आधार देऊ शकतात, ही गोष्ट येथे वादविवादाने नव्हे तर शिरस्त्याने मान्य झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. खड्गावरील चिन्ह व्रताचे कोणत्या अर्थाने लक्षण आहे? वेदान्त्यांनी लक्षणांचे दोन प्रकार सांगितले: वस्तूच्या गाभ्यातून येणारे स्वरूपलक्षण, आणि वस्तूपासून वेगळे असूनही ती दाखवून देणारे तटस्थ लक्षण. देवदत्ताचे घर कोणते असे विचारता, ‘ते पाहा, ज्यावर कावळा बसला आहे ते’ असे सांगतात. कावळा उडून गेला तरी घर कळलेले असते, आणि तो कावळा शेजारच्या छपरावर जाऊन बसला म्हणून ते देवदत्ताचे होत नाही, की देवदत्ताला त्यावर फिर्याद करता येत नाही. संघाच्या तलवारीवरील क्रूस, कडी आणि आद्याक्षरे या कावळ्याच्या जातीची आहेत. त्यांनी संघ दाखविला, त्यांचे काम झाले. मैत्री पाळणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, मृताला पुरणे, पोरक्याला शिकविणे हे त्या संघाचे स्वरूपलक्षण. ते पोलादात कोरता येत नाही आणि कोणत्याही कारखान्याच्या सूचिपत्रात त्याची किंमत छापलेली नसते.

यावर कोणी म्हणेल की, मग चिन्हे हवीतच कशाला? व्रत मनात ठेवावे, कमरेचे लोखंड टाकून द्यावे. हा युक्तिवाद शुद्ध दिसतो, पण मनुष्यस्वभावाला तो पेलत नाही. मनातल्या मनात केलेला संकल्प मनातल्या मनात मोडताही येतो. चिन्ह धारण करणारा मात्र आपल्या विरुद्ध साक्षीदार निर्माण करतो. मैत्रीची अक्षरे पात्यावर कोरून मिरवणुकीत चालणाऱ्याला रस्त्यावरचा कोणीही मनुष्य विचारू शकतो की, ही मैत्री माझ्यापर्यंत का पोहोचत नाही? व्हिक्सबर्गच्या माणसांनी नेमके हेच विचारले. त्यांनी चिन्ह पळविले नाही. चिन्हाने जे वचन साऱ्या जगासमोर दिले होते ते त्यांनी खरे धरले. ज्या चिन्हाचा अर्थ बाहेरच्यालाही कळतो, आणि कळल्यावर त्याला ते आपले म्हणावेसे वाटते, त्या चिन्हात काही सत्य होते एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

म्हणून अशी एखादी तलवार समोर आली असता कारखान्याचे नाव, काळ, संघ आणि शाखा एवढी नोंद करून दप्तर मिटणाऱ्याने अर्धेच काम केले असे समजावे. एफ, सी आणि बी या अक्षरांवरून तो ‘पिथियस’ असे लिहील. गोऱ्यांचा की काळ्यांचा हे ती अक्षरे सांगणार नाहीत, आणि ती सांगत नाहीत हेच त्यांचे सर्वांत मोलाचे सांगणे होय. त्यापुढे जावयाचे तर पात्यावरील त्या अप्रसिद्ध माणसाचे नाव वाचावे लागेल, आणि त्याच्या गावच्या जुन्या पटावर कोण होते व कोणाला दाराबाहेर ठेवले होते याचा शोध घ्यावा लागेल. लक्षण जातीबाहेर गेले अशी जी फिर्याद 1912 साली निकालात निघाली तिच्यात दोषाचे नावच चुकले होते. चिन्ह फार दूरवर पसरले हे दूषण नव्हते. मैत्रीची जी व्याख्या त्या संघाने पोलादावर कोरून घेतली होती ती मनुष्यजातीच्या एका मोठ्या भागाला स्पर्शच करीत नव्हती, आणि शास्त्रात त्या दोषाला अव्याप्ती म्हणतात.